लेमी : राजधानीचे स्टेशन, राजधानीपासून 18 मैलांवर

शिकागोहून लॉस एंजेलिसला जाणारी साऊथवेस्ट चीफ ही रेल्वेगाडी न्यू मेक्सिको राज्याच्या राजधानीला, म्हणजे सांता फे शहराला, जात नाही. ज्या कंपनीने हा लोहमार्ग बांधला तिच्या नावातच सांता फे होते. 'अ‍ॅचिसन, टोपीका अँड सांता फे' हे लांबलचक नाव अमेरिकी रेल्वेच्या इतिहासात शतकाहून अधिक काळ गाजले, आणि तरीही त्या कंपनीचा मुख्य मार्ग त्या शहरात कधी शिरला नाही. सांता फेला जायचे असेल तर प्रवासी आजही लेमी नावाच्या ठिकाणी उतरतो आणि उरलेले 18 मैल मोटारीने जातो. या लेमीला शहर म्हणता येत नाही, आणि कायद्याच्या भाषेत ते धड गावही नाही. 2010च्या जनगणनेत तेथे 218 माणसे राहत होती.

मी आल्बुकर्कीत राहते, त्यामुळे लेमी मला फार लांब नाही. सांता फेच्या दक्षिणेला 285 क्रमांकाच्या महामार्गावरून आत वळले की पिन्यॉन आणि जुनिपरच्या खुरट्या झाडांनी ठिपकलेल्या टेकड्यांमधून एक छोटा रस्ता खाली उतरतो आणि रुळांशी येऊन संपतो. तेथे स्टेशनची इमारत आहे, समोर एक जुने दुकान-कम-पेयगृह आहे, थोडी घरे आहेत, बाजूच्या रुळांवर उभे करून ठेवलेले जुने डबे आहेत आणि पाण्याच्या आशेने वाढलेली कॉटनवूडची मोठी झाडे आहेत. पहिल्यांदा आलेला माणूस साहजिकच विचारतो की गाव कुठे आहे. त्याने पाहिले तेवढेच ते असते.

अमेरिकेत अशा वस्तीला 'अनइनकॉर्पोरेटेड' म्हणतात, म्हणजे तिला राज्याच्या कायद्याखाली नगरपालिकेची सनद मिळालेली नसते. आपल्याकडे एखादी वाडी कितीही लहान असली तरी ती कुठल्या ना कुठल्या ग्रामपंचायतीत मोडते. स्वतंत्र नसेल तर गटग्रामपंचायतीत. लेमीला सरपंच नाही, महापौर नाही, नगरसेवक नाहीत आणि स्वतःचा कर लावण्याचा अधिकारही नाही. रस्ते, पोलीस, जमिनीच्या वापराची परवानगी हे सगळे सांता फे कौंटीकडे, म्हणजे साधारण आपल्या जिल्हा परिषदेच्या पातळीवरच्या यंत्रणेकडे आहे. लेमीची हद्दसुद्धा गावकऱ्यांनी आखलेली नाही. जनगणना विभागाने मोजणीच्या सोयीसाठी नकाशावर एक रेघ ओढली आणि तिच्या आतल्या वस्तीला लेमी मानले. हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, लेमीच्या बाबतीत जे जे महत्त्वाचे निर्णय झाले ते लेमीबाहेर बसलेल्या माणसांनी, लेमीचा विचार न करता घेतले. आणि पहिला निर्णय तर माणसांच्याही आधी जमिनीच्या उताराने घेतला होता.

1821 पासून मिसुरीकडून सांता फेला येणारा व्यापारी मार्ग, ज्याला सांता फे ट्रेल म्हणतात, तो ग्लोरिएटा खिंडीतून उतरून शहराकडे वळत असे. बैलगाड्यांना आणि खेचरांच्या तांड्यांना हे वळण जमत होते. रेल्वेने रॅटन खिंडीतून न्यू मेक्सिकोत प्रवेश केला आणि 1879च्या 4 जुलैला ती लास वेगासला (जुगारासाठी प्रसिद्ध असलेले शहर नव्हे, न्यू मेक्सिकोतले त्याच नावाचे गाव) पोहोचली. पुढे ग्लोरिएटा ओलांडून रूळ खाली आणताना अभियंत्यांसमोर प्रश्न उभा राहिला. सांता फे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 7,000 फूट उंचीवर, डोंगराच्या कुशीत आहे. खिंडीतून एकदा खाली उतरलेली गाडी पुन्हा शहरापर्यंत चढवायची आणि तेथून परत रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात उतरवायची, हा व्यवहार कोळशाच्या आणि पाण्याच्या हिशेबात बसेना. त्याऐवजी गॅलिस्टेओ ओढ्याच्या काठाने सरळ खाली उतरत आल्बुकर्कीकडे जाणारा मार्ग स्वस्त होता, आणि कंपनीने तोच निवडला.

सांता फेच्या प्रतिष्ठित मंडळींना याचा धक्का बसला असणार, कारण रेल्वे ज्या गावाला टाळते त्या गावाची बाजारपेठ पाच-दहा वर्षांत सुकते, हे तोवर पश्चिमेत सगळ्यांना कळून चुकले होते. तोडगा असा निघाला की कौंटीच्या मतदारांनी 1879च्या ऑक्टोबरात दीड लाख डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले आणि त्या पैशांतून मुख्य मार्गापासून शहरापर्यंत 18 मैलांची शाखा टाकण्यात आली. 9 फेब्रुवारी 1880 रोजी पहिली गाडी या शाखेवरून सांता फेत आली, आणि साठ वर्षे चाललेल्या जुन्या व्यापारी मार्गाचे काम त्या दिवशी संपले. शाखा जेथून फुटली त्या जागेला आधी गॅलिस्टेओ जंक्शन म्हणत. पुढे तिला ज्याँ-बातिस्त लामी यांचे नाव मिळाले. फ्रान्समध्ये 1814 साली जन्मलेले हे कॅथलिक धर्मगुरू 1851 मध्ये सांता फेत आले आणि 1875 साली तेथील पहिले आर्चबिशप झाले. गावातली मंडळी त्या फ्रेंच नावाचा उच्चार लेमी असा करतात, म्हणून मीही तसाच लिहिला आहे.

असे हे गाव एका नकारातून जन्माला आले. राजधानीला मुख्य मार्ग मिळाला असता तर येथे एखादा साइडिंगचा रूळ आणि पाण्याची टाकी यापलीकडे काही उभे राहिले नसते.

जंक्शन झाले म्हणजे माल उतरवायचा, चढवायचा, साठवायचा आला, आणि त्याबरोबर व्यापारी आले. स्टेशनसमोरच्या पेयगृहाची इमारत मुळात 1881च्या सुमाराची, किराणा आणि घाऊक मालाच्या दुकानाची आहे. पुढे ती वेगवेगळ्या मालकांच्या हातून फिरली, तिला बार जोडला गेला आणि आता राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत तिचे नाव आहे. अलीकडच्या काळात तेथे लीगल टेंडर या नावाने खानावळ चालत असे आणि गावातल्या स्वयंसेवकांनी रेल्वेचे छोटे संग्रहालयही त्याच छपराखाली थाटले. अशा इमारतींबद्दल भुताखेतांच्या गोष्टी सांगायची अमेरिकेत फार हौस आहे आणि येथेही त्या सांगितल्या जातात. मला मात्र तेथे लाकडी बारच्या मागच्या भिंतीपेक्षा दुकानाची रुंद दारे अधिक बोलकी वाटतात, कारण पोती आत-बाहेर करण्यासाठी ती तेवढी रुंद ठेवावी लागली असणार.

पण लेमीचे खरे पोट भरले ते इंजिनांनी. लेमीहून पूर्वेकडे निघालेल्या गाडीला लगेच ग्लोरिएटाचा घाट चढावा लागतो. अपाची कॅन्यन नावाच्या अरुंद घळीतून वळणे घेत मार्ग सुमारे 10 मैलांत हजारभर फूट वर जातो आणि सर्वांत कठीण भागात चढ 3 टक्के, म्हणजे 33 फुटांना 1 फूट इतका आहे. माझे बालपण कर्जतला गेले, त्यामुळे हा आकडा वाचून मला कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. 1863 साली सुरू झालेल्या आपल्या बोरघाटाचा चढ 37 फुटांना 1 फूट आहे, आणि तेवढ्यासाठी कर्जतला गाडी थांबवून मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिने, जोडावी लागतात. बँकर लागला की शेवटच्या डब्यातल्या माणसाला पाठीत बसणारा तो हलका धक्का आणि पाठोपाठ खिडकीशी वाढणारी वडेवाल्यांची घाई ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना लेमीचे अर्थकारण एका वाक्यात कळेल. ग्लोरिएटा बोरघाटापेक्षा थोडा अधिकच उभा आहे. त्यामुळे लेमीला मदतीची इंजिने कायम तैनात असत, त्यांच्यासाठी कोळसा, पाणी आणि देखभालीची सोय असे, आणि त्यासाठी चालक, फायरमन, मेकॅनिक, रूळ सांभाळणारे गँगमन ही सगळी माणसे कुटुंबासह येथे राहत. आसपासच्या खेड्यांतल्या स्पॅनिशभाषक शेतकरी कुटुंबांना शेती आणि मेंढपाळी सोडून रोख पगाराची पहिली नोकरी बहुधा रुळांवरच मिळाली.

1908 साली कंपनीने दक्षिणेला बेलेन गावाकडून जाणारा नवा मार्ग खुला केला. त्याचा चढ सव्वा टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे जड मालगाड्या हळूहळू तिकडे वळल्या आणि लेमीचा जुना मार्ग मुख्यतः प्रवासी गाड्यांचा झाला. कोणालाही वाटेल की येथून लेमीची उतरती कळा सुरू झाली. प्रत्यक्षात उलट घडले. 1909 मध्ये सध्याची स्टेशनची इमारत उभी राहिली आणि 1910 मध्ये तिच्या शेजारी एल ऑर्टिझ नावाचे हॉटेल उघडले.

एल ऑर्टिझबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण लेमीत आज जे दिसत नाही त्यातली सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे. अमेरिकेत रेल्वेच्या प्रवाशांना ताटावर बसून नीट जेवण मिळावे, ही कल्पना फ्रेड हार्वी या माणसाने 1876 साली टोपीका स्टेशनवर प्रत्यक्षात आणली, आणि पुढे सांता फे रेल्वेच्या सगळ्या मार्गावर त्याच्या कंपनीची उपाहारगृहे आणि हॉटेले झाली. त्यांतली बहुतेक भव्य होती. लेमीचे मात्र दहा-एक खोल्यांचे, मधल्या चौकाभोवती बांधलेले, मातीच्या घरांची ठेवण उचललेले छोटे घर होते. आराखडा लुई कर्टिस या वास्तुविशारदाचा, आणि आतली मांडणी मेरी कोल्टर यांची. ज्या काळात बांधकामाच्या जागी बाईमाणूस दिसले तर लोक वळून पाहत, त्या काळात या कोल्टरबाई कंपनीसाठी इमारती सजवत आणि पुढे रचतही होत्या. ग्रँड कॅन्यनच्या कड्यावरच्या त्यांच्या दगडी इमारती आज लाखो पर्यटक पाहतात. एल ऑर्टिझमध्ये त्यांनी युरोपातून आणलेल्या थाटाऐवजी स्थानिक मेक्सिकन आणि आदिवासी कारागिरी वापरली. आज सांता फेतल्या प्रत्येक हॉटेलात विटकरी भिंती, जाड लाकडी तुळया आणि विणलेल्या जाजमांचे जे रूप ठरीव साच्याने विकले जाते, त्याचे सुरुवातीचे प्रयोग या आडगावच्या जंक्शनवर झाले, ही गोष्ट मला फार गंमतीची वाटते. चौकोनी अंगण, भोवती ओसरी आणि आत थंडावा ही रचना आपल्या वाड्यांतल्या माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही. दोन्हीकडे ऊन सारखेच कडक आहे.

1926 पासून हार्वी कंपनीने 'इंडियन डिटूर' या नावाने मोटारीच्या सहली सुरू केल्या. गाडीतून उतरायचे, कंपनीच्या मोटारीत बसायचे, सांता फे आणि भोवतालची आदिवासी गावे पाहायची आणि पुन्हा गाडी पकडायची, असा तो बेत होता. शिकागो आणि लॉस एंजेलिस यांच्यामधल्या बड्या गाड्या, 1926ची चीफ आणि 1936ची सुपर चीफ, लेमीला थांबत. त्यांतून हॉलिवूडची नटमंडळी, चित्रकार आणि क्षयावर हवापालट शोधणारे पैसेवाले रुग्ण उतरत. मात्र याच मोटारींनी 18 मैलांच्या शाखेवरच्या प्रवासी गाडीला निरुपयोगी ठरवले. ज्या शाखेसाठी लोकांनी कर्ज काढले होते, तिच्यावर पुढे केवळ माल उरला.

सांता फेला रेल्वेने येण्याचा आणखी एक मार्ग होता. उत्तरेला कोलोरॅडोतल्या अँटोनिटोहून येणारी अरुंद रुळांची गाडी, जिला लोक चिली लाइन म्हणत, ती रिओ ग्रांदेच्या काठाने शहरात येत असे. 1941 साली ती बंद पडली. हे लक्षात ठेवायचे, कारण दोनच वर्षांनी त्या नदीच्या पश्चिमेच्या पठारावर, लॉस अलामोस येथे, अमेरिकेने अणुबॉम्बची गुप्त प्रयोगशाळा उभारली, आणि तिला प्रवासी गाडीचे सोयीचे स्टेशन उरले होते ते लेमी.

1943च्या वसंतापासून लेमीच्या फलाटावर जी माणसे उतरू लागली त्यांच्यात युरोपातून परागंदा झालेले प्राध्यापक होते, नुकतेच पदवीधर झालेले पोरगेले भौतिकशास्त्रज्ञ होते, आणि कडेवर मुले घेतलेल्या त्यांच्या बायका होत्या. यांतल्या अनेकांना आपण नेमके कुठे चाललो आहोत हे ठाऊक नव्हते. त्यांच्याजवळ सांता फेतला एक पत्ता असे, 109 ईस्ट पॅलेस, जेथे डोरोथी मॅकिबन नावाच्या बाई त्यांची कागदपत्रे करून देत आणि पुढे पठारावर धाडत. पत्रव्यवहारासाठी टपालपेटी क्रमांक 1663 एवढीच खूण होती. तेथे जन्मलेल्या बाळांच्या दाखल्यावरसुद्धा जन्मस्थान म्हणून तीच पेटी लिहिली गेली. बर्कली, शिकागो किंवा प्रिन्स्टन येथून निघून दोन-दोन दिवस प्रवास करून माणूस उतरतो आणि समोर पाहतो तर एक छोटे स्टेशन, उघडी टेकाडे आणि धुळीचा रस्ता. राजधानीच्या स्टेशनची कल्पना मनात धरून आलेल्यांची तेथे काय अवस्था झाली असेल, ते सांगायला नको.

माणसांबरोबर आणखी एक गोष्ट लेमीला उतरत असे. टेनेसी राज्यातल्या ओक रिजच्या कारखान्यांत प्रचंड वीज खर्चून युरेनियम-235 वेगळे काढले जात होते. ते अत्यल्प प्रमाणात तयार होई, आणि तयार होईल तसे लॉस अलामोसला पाठवले जाई. त्यासाठी चिलखती गाड्यांचा ताफा लागत नव्हता. साध्या कपड्यांतले तरुण लष्करी अधिकारी हातात बॅगा घेऊन नेहमीच्या प्रवासी गाडीने शिकागोला जात, तेथे सांता फे कंपनीची चीफ गाडी पकडत आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लेमीला उतरत. तेथे लॉस अलामोसची मोटार त्यांची वाट पाहत उभी असे. बॅगेत आतून सोन्याचा मुलामा दिलेली निकेलची छोटी भांडी असत. 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बमधले युरेनियम अशा खेपांनी, प्रवाशांच्या सामानात बेमालूम मिसळून, या फलाटावरून गेले. स्टेशनवर हमाली करणाऱ्याला, तिकीट देणाऱ्याला किंवा समोरच्या दुकानात तंबाखू विकणाऱ्याला याची कल्पना असण्याचे काही कारण नव्हते. मोठ्या स्थानकांवर ओळखीचे कोणी भेटण्याची शक्यता असते; येथे उतरणाऱ्या प्रत्येकाला घ्यायला कोणीतरी आलेलेच असे, त्यामुळे थांबलेल्या मोटारीकडे कोणी लक्ष देत नसे. गुप्ततेसाठी हीच बाब उपयोगी पडली असावी, असे मला वाटते.

एल ऑर्टिझ तोवर बंद झाले होते, आणि 1943 सालीच ते पाडून टाकण्यात आले. म्हणजे शतकातले सर्वांत नामांकित शास्त्रज्ञ ज्या वर्षी या फलाटावर उतरू लागले, त्याच वर्षी शेजारच्या अंगणाच्या भिंती जमीनदोस्त झाल्या. जागा मोकळी पडली ती पडलीच.

युद्धानंतर वाफेची इंजिने गेली आणि डिझेलची आली. डिझेल इंजिने एकमेकांना जोडून एकाच चालकाच्या हातून चालवता येतात, त्यांना वाटेत पाणी लागत नाही आणि कोळसाही लागत नाही. घाट चढण्यासाठी पायथ्याशी माणसे आणि इंजिने बसवून ठेवण्याची गरज संपली. कर्जतला विजेच्या जमान्यातही बँकर टिकला, कारण तेथे रहदारी प्रचंड आहे आणि घाटाला पर्याय नाही. लेमीच्या जड मालगाड्यांना बेलेनचा पर्याय 1908 पासून तयारच होता. रेल्वेची कुटुंबे उठून आल्बुकर्कीला किंवा आणखी पुढे गेली. काही घरे टिकली, काहींच्या भिंती पावसाने विरघळल्या, कारण मातीच्या विटांच्या घराला दर काही वर्षांनी लिंपण न केल्यास ते आपोआप जमिनीला मिळते. 1971 मध्ये प्रवासी गाड्या अ‍ॅमट्रॅक या केंद्रीय महामंडळाकडे गेल्या आणि लेमीचा थांबा कायम राहिला, तो राजधानीच्या नावामुळे.

2008च्या डिसेंबरात न्यू मेक्सिको राज्याने आल्बुकर्कीहून सांता फेला थेट लोकल गाडी सुरू केली. तिचे नाव रेल रनर. सव्वाशे वर्षांनी राजधानीला खऱ्या अर्थाने रेल्वे मिळाली, आणि ती मिळवताना राज्याने जुन्या 18 मैलांच्या शाखेचा फक्त शहरालगतचा शेवटचा तुकडा वापरला आणि त्याआधी महामार्गाच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध नवे रूळ टाकले. लेमी पुन्हा बाजूला पडले. 1880 मध्ये मुख्य मार्गाने सांता फेला टाळले म्हणून लेमी जन्मले होते, आणि 2008 मध्ये सांता फेच्या गाडीने लेमीला टाळले. निर्णय तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता, हे मी नाकारत नाही, कारण जुनी शाखा वळणावळणांची आणि मंद आहे. पण लेमीत कोणाला विचारावे अशी संस्थाच नसल्यामुळे कोणी विचारले नाही, हेही तितकेच खरे.

पंचायत नसलेल्या गावाचे काय होते आणि काय होऊ शकते, हे 2014-15च्या हिवाळ्यात दिसले. राज्याच्या वायव्य भागातल्या विहिरींतले कच्चे खनिज तेल टँकरने लेमीला आणायचे आणि तेथे रेल्वेच्या वाघिणींमध्ये भरायचे, अशी एक योजना पुढे आली. अरुंद रस्त्यावरून जड टँकर ये-जा करणार, घरांच्या आणि विहिरींच्या अगदी जवळ तेल हाताळले जाणार, आणि रेल्वेच्या जमिनीवर केंद्रीय कायदा चालत असल्यामुळे स्थानिक परवानगीचा मुद्दाच वादग्रस्त ठरणार, अशी परिस्थिती होती. लेमीकडे ठराव करायला ग्रामसभा नव्हती. मग रहिवाशांनी आणि शेजारच्या वस्त्यांतल्या लोकांनी बैठका घेतल्या, कौंटीच्या सभांना गर्दी केली, वर्तमानपत्रांना गाठले, आणि काही आठवड्यांतच योजना मागे घेण्यात आली. सव्वाशे-दीडशे वर्षांच्या इतिहासात लेमीबद्दलचा एखादा निर्णय लेमीकरांच्या म्हणण्याप्रमाणे झाला, असे उदाहरण मला तरी हे एकच सापडते.

त्यानंतर 2018 साली गाडीवरच गदा आली. सुरक्षेच्या नव्या स्वयंचलित यंत्रणेचा आणि रुळांच्या दुरुस्तीचा खर्च परवडत नाही, या कारणाने कॅन्ससमधल्या डॉज सिटीपासून आल्बुकर्कीपर्यंत साऊथवेस्ट चीफऐवजी बस चालवावी, असा प्रस्ताव अ‍ॅमट्रॅकने मांडला. कॅन्सस, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या तिन्ही राज्यांच्या सिनेटरांनी, पक्षभेद बाजूला ठेवून, त्याला कडाडून विरोध केला आणि प्रस्ताव बारगळला. लेमीच्या पूर्वेकडच्या मार्गावर आता मालगाड्या धावत नाहीत. दिवसाकाठी एक गाडी पूर्वेला आणि एक पश्चिमेला, एवढ्यासाठी शेकडो मैलांचे रूळ आणि रॅटनसारखा घाट सांभाळला जातो. हिशेबनीसाच्या दृष्टीने हा वेडेपणा आहे. मला तो मान्य आहे, कारण वाटेतल्या लास वेगास, रॅटन, ला हुंटा यांसारख्या गावांना नियमित प्रवासी विमानसेवा नाही आणि हिमवादळात बस चालत नाही.

सध्या लेमीत थोडी जाग आहे. जुनी शाखा आणि तिच्यावरचे डबे 2020 साली एका मंडळीने विकत घेतले, त्यांत सांता फेत राहणारा एक सुप्रसिद्ध कादंबरीकारही भागीदार आहे. पुढच्या वर्षाच्या शेवटापासून रंगीबेरंगी नटवलेल्या पर्यटक गाड्या सांता फेहून लेमीच्या दिशेने धावू लागल्या. डब्यांवर ड्रॅगन आणि लांडगे रंगवले आहेत. एरवी मला असला भपका रुचत नाही, पण गंजत पडलेले रूळ वापरात आले हे काही कमी नाही, आणि करमणुकीसाठी का होईना, 1879 च्या मतदारांच्या दीड लाख डॉलरचे थोडे चीज होत आहे.

हा सगळा इतिहास प्रत्यक्ष पाहायचा असेल तर मोटारीने जाऊ नये. आल्बुकर्कीहून पूर्वेकडे जाणारी चीफ सध्याच्या वेळापत्रकात साधारण दुपारच्या सुमारास निघते आणि तासाभराने लेमीला पोहोचते. वाटेत सँडिया, सॅन फेलिपे आणि सांतो दोमिंगो या आदिवासी गावांच्या जमिनीतून मार्ग जातो. तेथे छायाचित्रे काढायला त्यांची मनाई असते आणि ती पाळावी. पुढे सेरिलोस लागते, जेथल्या टेकड्यांतून हजार वर्षांहून अधिक काळ पिरोजा काढला गेला. लेमीला फलाट अगदी बुटका आहे, जवळजवळ जमिनीच्या पातळीवर. दुमजली डब्याचे दार उघडले की कंडक्टर आधी पिवळा चौरंग खाली ठेवतो, मग हात देऊन प्रवाशांना उतरवतो. आत प्रतीक्षालयात जुनी लाकडी बाके आहेत. सांता फेला नेणारी व्हॅन आधी सांगून ठेवावी लागते, कारण स्टेशनबाहेर टॅक्सी मिळत नाही.

पण ज्यांना वेळ आहे त्यांनी लेमीला न उतरता आणखी दीड-दोन तास पुढे, लास वेगासपर्यंत, जावे. लेमी सुटताच गाडीचा वेग मंदावतो, अपाची कॅन्यनच्या भिंती दोन्ही बाजूंनी खिडकीच्या इतक्या जवळ येतात की खडकातल्या भेगा मोजता येतील, आणि वळणावर आपल्याच गाडीची इंजिने समोर आडवी दिसतात. पूर्वी येथे मागून जोडलेल्या इंजिनांचा जोर लागत असे. आता पुढची दोन डिझेल इंजिने हा चढ सहज चढतात. लास वेगासला स्टेशनलगत हार्वी कंपनीचेच कास्टान्येदा हे 1898 सालचे हॉटेल आहे, आणि अलीकडे ते दुरुस्त होऊन पुन्हा उघडले आहे. एल ऑर्टिझ उभे राहिले असते तर आत काय दिसले असते, याचा अंदाज तेथल्या जेवणघरात बसून थोडाफार बांधता येतो. मुक्काम मात्र तेथेच करावा लागेल, कारण परतीची गाडी दुसऱ्या दिवशी आहे.